पाठिंबा कुणाचा, शब्द कुणाला

५ फेब्रुवारी २००८ ला मॅसॅच्युसेट्समध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, झाली, तेव्हा राज्यातली तीन सगळ्यात वजनदार माणसं बराक ओबामांच्या बाजूने होती. टेड केनेडी आणि जॉन केरी हे दोन्ही सिनेटर, आणि गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक. केनेडींनी तर आठवडाभर आधी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत भरसभेत पाठिंबा जाहीर केला होता. पुतणी कॅरोलाइन सोबत होती, आणि थोरल्या भावाचा वारसा ओबामांच्या हवाली करावा तसा तो सोहळा देशभर दाखवला गेला. निकाल लागला तेव्हा हिलरी क्लिंटन पंधराएक टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या होत्या.

आता १२ वर्षांनंतरचं साउथ कॅरोलायना पाहा. जो बायडन आयोवात चौथे आले होते, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. नेवाडात दुसरे आले खरे, पण बर्नी सँडर्स यांच्या बरेच मागे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या मोहिमेवर जवळजवळ मृत्युलेखच लिहायला घेतले होते. मतदानाला तीन दिवस उरले असताना, २६ फेब्रुवारी २०२० ला, तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला. बायडन जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकले आणि सँडर्स वीस टक्क्यांच्या आसपास अडकले. पुढच्या तीन दिवसांत उमेदवारीच्या लढतीचा रंगच पालटला.

एकीकडे तीन मातब्बरांचं वजन वाया गेलं, दुसरीकडे एका खासदाराने बुडती मोहीम वर काढली. मग पाठिंब्याने मतं फिरतात की नाहीत? अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर चाळीसेक वर्षं घालवली आहेत. मला स्वतःला तो प्रश्न अर्धवट वाटतो. पाठिंब्याने मतं किती आली हे मोजताना तो मिळवण्यासाठी उमेदवाराने कुणाला काय कबूल केलं, ही बाजू सहसा बघितली जात नाही. मतं एका रात्रीत येतात आणि जातात. दिलेला शब्द पुढे दोन-दोन, चार-चार वर्षं उमेदवाराच्या मागे लागतो.

हा खेळ सुरू झाला तो १९६८ च्या धुमश्चक्रीतून. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी बहुतेक राज्यांत पक्षाच्या पुढाऱ्यांच्या मुठीत होते. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांना पोलिसांनी बडवलं, आत पक्ष फुटायच्या बेताला आला. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग बसला आणि १९७२ पासून प्रतिनिधी निवडण्याचं काम प्रायमरी आणि कॉकस (मतदारांच्या बैठका) यांतल्या मतदारांकडे गेलं. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाला मिळणार हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि ज्याला मिळत नाही तो बंडखोर म्हणून अपक्ष उभा राहतो. तिकडे १९७२ नंतर फॉर्म वाटणारा हातच उरला नाही. आयोगाचे अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न स्वतःच नव्या नियमांखाली उमेदवार झाले आणि निक्सनकडून ४९ राज्यांत हरले. त्यांच्या पदरात पडलं एक मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा वॉशिंग्टन जिल्हा.

पक्षातल्या जुन्या मंडळींनी त्याचा धडा घेतला. डेमोक्रॅटांनी १९८४ पासून ‘सुपरडेलिगेट’ आणले. हे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी कुणालाही बांधलेले नव्हते, मनाला येईल त्याला मत देऊ शकत होते. पण खरी गोष्ट नियमाबाहेर घडत होती. आर्थर हॅडली या पत्रकाराने १९७६ मध्येच तिला ‘अदृश्य प्रायमरी’ म्हटलं होतं. पहिलं मत पडण्याआधीचं वर्ष-दीड वर्ष देणगीदार, युनियनवाले, चर्चवाले, आमदार-खासदार उमेदवारांना जोखत असतात आणि हळूहळू एकाभोवती गोळा होतात. मार्टी कोहेन, डेव्हिड कॅरॉल, हान्स नोएल आणि जॉन झॅलर या चौघांनी २००८ मध्ये ‘द पार्टी डिसाइड्स’ हे पुस्तक लिहिलं. १९८० पासूनच्या लढतींचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की मतदानाआधी पक्षातल्या लोकांचा पाठिंबा ज्याच्याकडे जास्त, तो बहुधा जिंकतो. जॉर्ज डब्ल्यू. बुश २००० मध्ये न्यू हॅम्पशरला जॉन मॅककेनकडून सपाटून हरले, तरी डगमगले नाहीत, कारण रिपब्लिकन गव्हर्नरांची रांगच्या रांग आधीपासून त्यांच्या मागे होती.

पुस्तक गाजलं आणि त्याच वर्षापासून त्याला तडे जाऊ लागले. आधीच्या हिशेबातही एक कच्चा दुवा होताच. २००३ च्या डिसेंबरात माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी हॉवर्ड डीनना पाठिंबा दिला, पुढच्या महिन्यात आयोवाचे सिनेटर टॉम हार्किनही आले, आणि डीन आयोवात तिसरे आले. २००८ मध्ये सुपरडेलिगेट आधी क्लिंटनकडे झुकलेले होते. जॉर्जियाचे खासदार जॉन लुईस, नागरी हक्क चळवळीतलं एवढं मोठं नाव, तेही आधी क्लिंटनच्याच बाजूने होते. त्यांच्या मतदारसंघाने ओबामांना भरभरून मतं दिली, तेव्हा फेब्रुवारी संपताना लुईसही ओबामांकडे आले. इथे पुढाऱ्याने मतदारांना वाट दाखवली की मतदारांनी पुढाऱ्याला? पाठिंब्याच्या सगळ्या आकडेवारीवर ही शंका कायम घिरट्या घालत राहते. उगवत्या सूर्याला नमस्कार घालणाऱ्यांची गर्दी मोजून सूर्य त्यांच्यामुळे उगवला असं म्हणता येत नाही.

म्हणूनच क्लायबर्न यांचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण तिथे सूर्य मावळतीला आलेला होता. क्लायबर्न १९९३ पासून खासदार, त्या वेळी प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांमधले तिसऱ्या क्रमांकाचे नेते होते. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय. क्लायबर्न यांनी स्वतःच सांगितलेला किस्सा असा, की आपल्या जुन्या हिशेबनिसाच्या अंत्यविधीला ते चर्चमध्ये गेले असताना पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि मत कुणाला देणार ते विचारलं. उघड सांगायचं नसेल तर कानात सांगा, म्हणाल्या. क्लायबर्न वाकून कानात ‘जो बायडन’ म्हणाले. त्यावर बाई म्हणाल्या, मला हे ऐकायचं होतं, आणि आपल्या लोकांनाही तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. या एका प्रसंगात पाठिंब्याचं सगळं तंत्र आलं. बाईंना बायडन कोण हे माहीत होतं, त्यांचा आरोग्य विमा कसा असेल हेही बहुधा माहीत होतं. तिथे जमलेल्या बाकीच्यांचा कल कुणाकडे आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते ज्याला ठाऊक असणार असा माणूस समोर उभा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी कोंडी कुणाचीच झाली नव्हती. हिलरी क्लिंटनबद्दल तिथल्या मतदारांचं मत १५ वर्षांपूर्वीच तयार झालेलं होतं, केनेडींना विचारायची गरज कुणाला होती?

पण क्लायबर्न फुकट आले नाहीत. २५ फेब्रुवारीला चार्ल्सटनला वादसभा होती. सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्रीची नेमणूक करण्याचं वचन बायडननी जाहीरपणे द्यावं, असा क्लायबर्न यांचा आग्रह होता. सभा अर्ध्यावर आली तरी ते वाक्य येईना, तेव्हा मध्यंतरात त्यांनी आत जाऊन बायडनना गाठलं. शेवटच्या उत्तरात बायडननी ते वचन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठिंबा आला. पुढे न्यायमूर्ती स्टीव्हन ब्रायर यांनी निवृत्ती जाहीर केल्यावर बायडननी केतांजी ब्राउन जॅक्सन यांचं नाव पुढे केलं ते २५ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे वचनाला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. एप्रिलमध्ये सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी मंजुरी दिली. एक बारकावा सांगायला हवा. क्लायबर्न यांच्या मनात साउथ कॅरोलायनाच्याच न्यायाधीश मिशेल चाइल्ड्स होत्या, आणि त्या रांगेत मागे पडल्या. शब्द पाळला गेला, शिफारस नाही.

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात एक कलम आहे. पाठिंबा मिळवण्यासाठी कुणाला सरकारी पद किंवा नोकरी देण्याचं वचन उमेदवाराने दिलं तर तो गुन्हा ठरतो. धोरणाचं वचन मात्र कितीही द्या, त्याला राजकारण म्हणतात. बायडनचं वचन पदाचंच होतं, पण कुणा एका व्यक्तीला दिलेलं नव्हतं. या दोन टोकांमधल्या जागेतच प्रायमरीतला सगळा सौदा चालतो.

२ मार्च २०२० ला डॅलसला झालं ते वेगळ्या जातीचं. आदल्या दिवशी पीट बुटिजेज यांनी माघार घेतली होती, त्या दिवशी एमी क्लोबुचार यांनी घेतली, आणि बेटो ओ'रूर्क यांच्यासह तिघांनी एकाच संध्याकाळी बायडनना पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी १४ राज्यांत मतदान होतं. बायडननी १० जिंकली. त्यात क्लोबुचार यांचं मिनेसोटा होतं, आणि जिथे बायडननी जेमतेम पाऊल ठेवलं होतं ते मॅसॅच्युसेट्सही होतं, तेही तिथल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन स्वतः रिंगणात असताना. डेमोक्रॅटांच्या नियमाप्रमाणे १५ टक्क्यांखाली राहणाऱ्याला प्रतिनिधी मिळत नाहीत, म्हणून मतं विखुरलेला गट भराभर संपतो. इथे कुणी कुणाला धोरण बदलायला लावलं नाही. एकमेकांसारखेच असलेले चौघे, त्यातला एक निवडला गेला इतकंच. रिपब्लिकनांना २०१६ मध्ये हेच जमलं नाही. १७ उमेदवार होते, आणि ट्रम्पना अडवायचं तर दुसऱ्याने बसावं असं प्रत्येकाला वाटत होतं. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने, म्हणजे प्रचारनिधी जमवणाऱ्या स्वतंत्र गटाने, १० कोटी डॉलरहून जास्त जमवले. बुश यांना प्रतिनिधी मिळाले चार.

धोरणाचा शब्द पाठिंब्याला बांधण्याची सगळ्यात उघड पद्धत म्हणजे लेखी शपथ. न्यू हॅम्पशरमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही, आणि तिथे निवडणूक लढवणाऱ्याने कर न वाढवण्याची शपथ घ्यायची प्रथा जुनी. करविरोधी कार्यकर्ते ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांनी १९८६ मध्ये तशीच शपथ देशपातळीवर आणली. १९८८ ला थोरले जॉर्ज बुश आयोवात बॉब डोल आणि पॅट रॉबर्टसन यांच्या मागे तिसरे आले होते. न्यू हॅम्पशरच्या वादसभेत आणखी एक इच्छुक पीट ड्यू पाँट यांनी शपथेचा कागद डोल यांच्यापुढे धरला आणि सही करा म्हणाले. डोल यांनी हात आखडता घेतला. बुश यांची सही आधीच झालेली होती, गव्हर्नर जॉन सुनुनू यांची यंत्रणा त्यांच्या दिमतीला होती. बुश जिंकले, डोल संपले. सुनुनू पुढे व्हाइट हाउसमध्ये बुश यांचे मुख्य कारभारी झाले. १९९० ला तुटीचं अंदाजपत्रक सावरताना बुश यांनी कर वाढवले. १९९२ मध्ये त्याच न्यू हॅम्पशरात पॅट ब्युकॅनन यांनी, विद्यमान राष्ट्राध्यक्ष समोर असताना, ३७ टक्के मतं खेचली. तुटीचा विचार करता बुश यांनी १९९० ला केलं ते शहाणपणाचंच होतं, असं माझं मत आहे. ज्या कागदाने १९८८ ला वाचवलं त्यानेच मग पकडलं.

कामगार संघटनांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. एएफएल-सीआयओ या महासंघाने १९८३ च्या ऑक्टोबरातच वॉल्टर माँडेल यांना पाठिंबा देऊन टाकला. या यंत्रणेच्या बळावर त्यांनी गॅरी हार्ट यांचं तरुण आव्हान परतवलं. पण ‘हितसंबंधी गटांचा उमेदवार’ हा शिक्का हार्ट यांनी प्रायमरीतच मारला होता, तो रेगन यांना आयताच मिळाला. माँडेलही ४९ राज्यांत हरले.

लास व्हेगासची कलिनरी युनियन हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. हॉटेल-कॅसिनोंमधल्या स्वयंपाकी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका अशा साठेक हजार कामगारांची ही युनियन. २००८ मध्ये तिने ओबामांना पाठिंबा दिला, तरी नेवाडाच्या कॉकसमध्ये मतं जास्त मिळाली क्लिंटनना, आणि कॅसिनोंमध्ये घेतलेल्या बैठकांतही क्लिंटनच पुढे होत्या. २०२० ला युनियनने पाठिंबा कुणालाच दिला नाही. उलट सँडर्स आले तर तुमचा आरोग्य विमा जाईल अशा अर्थाचं पत्रक वाटलं. त्या विम्यासाठी युनियनने वर्षानुवर्षं संप केले होते, त्यामुळे सगळ्यांना सरकारी विमा ही सँडर्स यांची कल्पना नेत्यांच्या जिव्हारी लागणं साहजिक होतं. मतदान झालं तेव्हा ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या कॅसिनोंमधल्या बहुतेक केंद्रांवर सँडर्सच जिंकले. सभासदांच्या घरात विमा नसलेले भाऊ होते, चुलतभाऊ होते, सतत नोकरी बदलणारी मुलं होती. नेत्यांनी सभासदांकडे विमाधारक म्हणून पाहिलं आणि सभासदांनी घरच्यांकडे, असा माझा तर्क आहे.

तरीही युनियनचा पाठिंबा निरुपयोगी म्हणायचा का? इथे २००७ सालच्या एसईआयूकडे बघावं लागतं. सेवाक्षेत्रातल्या कामगारांच्या या युनियनने इच्छुकांपुढे अटी ठेवल्या. आरोग्य विम्याची तपशीलवार योजना मांडा, आणि आमच्या एखाद्या कामगाराबरोबर एक दिवस काम करा. जॉन एडवर्ड्स यांनी फेब्रुवारीतच योजना आणली. मार्चमध्ये युनियनने लास व्हेगासला आरोग्यावर सभा घेतली, तेव्हा ओबामांच्या हातात योजनाच नव्हती आणि ते उघडे पडले. मे महिन्यात त्यांची योजना आली, सप्टेंबरात क्लिंटन यांची. पुढे कॅलिफोर्नियात घरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका बाईंबरोबर ओबामांनी दिवस काढला, फरशीही पुसली. एसईआयूने शेवटी पाठिंबा दिला तो २००८ च्या फेब्रुवारीत, बहुतेक मोठ्या राज्यांचं मतदान उरकल्यावर. मतांच्या दृष्टीने ते वरातीमागून घोडंच होतं. पण तोवर तिन्ही प्रमुख उमेदवार जवळजवळ एकाच आराखड्यावर येऊन ठेपले होते, आणि २०१० चा आरोग्य कायदा त्याच आराखड्यातून निघाला.

त्या आराखड्यात एका मुद्द्यावर मात्र जोरदार भांडण झालं होतं. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे अशी सक्ती क्लिंटन यांच्या योजनेत होती. ओबामांनी प्रौढांना ती लावायला नकार दिला आणि क्लिंटनविरुद्ध पत्रकंही काढली. अध्यक्ष झाल्यावर ओबामांनी जो कायदा केला त्यात सक्ती होती, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाचला की बुडला हे त्याच सक्तीवर ठरलं. प्रायमरीतल्या भूमिकेवरून मारलेल्या कोलांटउडीची एवढी भरपाई दुसऱ्या कुणाला क्वचितच करावी लागली असेल. ओबामांना ती पचली, कारण सक्ती नको म्हणून अडून बसणारा संघटित गट त्यांच्यामागे नव्हता. ते वचन कुणाला दिलेलंच नव्हतं, क्लिंटनविरुद्ध उगारलेलं होतं.

बायडनना २०१९ च्या जूनमध्ये एवढीही मोकळीक मिळाली नाही. गर्भपातावर केंद्राचा पैसा खर्च करण्याला बंदी घालणारी ‘हाइड दुरुस्ती’ १९७६ पासून चालत आलेली. बायडन तिचे चाळीस वर्षांचे पाठीराखे. ५ जूनला त्यांच्या मोहिमेने ते पुन्हा सांगितलं. स्त्रियांच्या संघटना आणि प्रतिस्पर्धी तुटून पडले, आणि ६ जूनला अटलांटाच्या भाषणात त्यांनी घूमजाव केलं. अध्यक्ष म्हणून पहिल्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात ती दुरुस्ती वगळलीही. काँग्रेसने ती परत घातली.

रिपब्लिकन बाजूला उलट्या दिशेनेही हे साधतं हे ट्रम्पनी दाखवलं. २०१६ च्या फेब्रुवारीत चार आठवडे मतदान झाल्यावर त्यांना पहिला सिनेटर मिळाला, अलाबामाचे जेफ सेशन्स. पण ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प यांनी स्थलांतरितांबद्दल जो कागद काढला, त्यात सेशन्स यांचा सल्ला होता, आणि सेशन्स यांचे सहायक स्टीफन मिलर जानेवारीतच मोहिमेत दाखल झाले होते. म्हणजे धोरण आधी आलं आणि पाठिंबा मागाहून. न्यायालयाचंही तसंच. धार्मिक आणि परंपरावादी गटांना ट्रम्प यांचा भरवसा वाटत नव्हता. मे २०१६ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी ११ नावांची यादीच छापली. असं आधी कुठल्या उमेदवाराने केलं नव्हतं. जुलैच्या अधिवेशनात टेड क्रूझ यांनी व्यासपीठावरून पाठिंबा द्यायचं टाळलं आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. २३ सप्टेंबरला यादी वाढवून जाहीर झाली, तिच्यात क्रूझ यांचे मित्र सिनेटर माइक ली यांचं नाव होतं, आणि त्याच दिवशी क्रूझ यांनी पाठिंबा दिला. कारणांमध्ये पहिलं कारण न्यायालयाचं होतं.

हेच क्रूझ आधी आयोवात एका वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले होते. मक्यापासून इथेनॉल काढणं हा तिथला मोठा धंदा, आणि आयोवात येणारा जवळजवळ प्रत्येक इच्छुक इथेनॉलचे गोडवे गात असे. क्रूझ यांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या सक्तीला विरोध केला. गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी, क्रूझ हरायला हवेत असं मतदानाच्या तोंडावर जाहीर सांगितलं. क्रूझ आयोवात पहिले आले.

बेळगावच्या, मराठी भाषक श्री ठाणेदार यांचं उदाहरण राष्ट्राध्यक्षपदाचं नाही, पण प्रायमरीचंच आहे. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी २०१८ मध्ये पदरचे बरेच पैसे घालून जाहिराती केल्या आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस जागेसाठी महापौर माइक डुगन आणि बऱ्याच पुढाऱ्यांचं वजन अ‍ॅडम हॉलियर यांच्या पारड्यात होतं. नऊ उमेदवारांत मतं फुटली आणि तीस टक्क्यांहूनही कमी मतांवर ठाणेदार जिंकले. पाठिंबा एका ठिकाणी गोळा होऊनही बाकीचे सात जण बसले नाहीत की काय होतं, ते या निकालात दिसतं.

२०२४ ला रिपब्लिकन पक्षात पाठिंब्याची गंगा उलटी वाहू लागली होती. आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स रॉन डिसँटिस यांच्यासाठी राज्यभर हिंडल्या, आणि ट्रम्प ५१ टक्के मतं घेऊन गेले. न्यू हॅम्पशरचे गव्हर्नर ख्रिस सुनुनू निकी हेलींच्या मागे उभे राहिले, तिथेही ट्रम्पच जिंकले. हेली गव्हर्नर असताना त्यांनीच टिम स्कॉट यांना सिनेटवर नेमलं होतं, आणि स्कॉट न्यू हॅम्पशरला येऊन ट्रम्प यांच्या बाजूने उभे राहिले. फ्लोरिडाच्या बहुतेक रिपब्लिकन खासदारांनी आपल्याच गव्हर्नरला, डिसँटिसना, सोडून ट्रम्पना पाठिंबा दिला. या मंडळींना पुढची उमेदवारी टिकवायला ट्रम्प यांचा पाठिंबा लागत होता, त्यामुळे त्यांनी दिलेला पाठिंबा हजेरी लावल्यासारखाच होता. त्या बदल्यात धोरणाचा शब्द मागायची सोय त्यांना नव्हती.

डेमोक्रॅटांनी २०१८ मध्ये सुपरडेलिगेटांचा पहिल्या फेरीतला मताधिकार काढून घेतला आणि पुढाऱ्यांची सद्दी संपली असं वाटलं. २१ जुलै २०२४ ला बायडन बाजूला झाले आणि दीड दिवसात पक्षातल्या बहुतेक पुढाऱ्यांनी कमला हॅरिसना पाठिंबा दिला. उमेदवारीला पुरतील इतके प्रतिनिधी त्यांच्याकडे जमले. १९६८ नंतर प्रथमच प्रायमरी न लढवता कुणी डेमोक्रॅटिक उमेदवार झालं. मतदारांनी त्यांना कसल्याही अटी घातल्या नव्हत्या. तरी त्या मोकळ्या नव्हत्या, कारण २०१९ ची प्रायमरी त्यांच्या मागोमाग आलीच. त्या वेळी उमेदवार वीसहून जास्त होते, प्रत्येक संघटना प्रश्नावली पाठवत होती, आणि मोहिमेतली तरुण मुलं रात्री बसून त्या भरत होती. हॅरिस यांनी सीएनएनच्या सभेत फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक फोडून तेल-वायू काढण्यावर, बंदी आणीन म्हटलं होतं. २०२४ मध्ये हा धंदा असलेल्या पेनसिल्व्हेनियाकडे बघून तो शब्द मागे घ्यावा लागला. २०१९ च्या डिसेंबरात, आयोवाच्या दोन महिने आधीच, त्या शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या, म्हणजे त्या सगळ्या उत्तरांवर कुठल्याही राज्यात मतदान व्हायची वेळच आली नव्हती.

त्यातल्या एका प्रश्नावलीत विचारलं होतं की स्थलांतरितांच्या कोठडीतल्या आणि तुरुंगातल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींना लिंगबदलाचे उपचार, शस्त्रक्रियेसह, सरकारी खर्चाने मिळावेत यासाठी तुम्ही अधिकार वापराल का. हॅरिस यांच्या उत्तरात ‘हो’वर खूण होती. त्याच सुमाराच्या एका मुलाखतीतही त्या हे बोलल्या होत्या. त्या मुलाखतीची चित्रफीत वापरून ट्रम्प यांच्या मोहिमेने २०२४ च्या शरद ऋतूत जाहिरात केली, आणि फुटबॉलचे सामने चालू असताना ती सतत दाखवली. प्रश्नावली पाठवली होती एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने, आणि एसीएलयू आपल्या धोरणाप्रमाणे कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही.